वंध्यत्व उपचारांतील संप्रेरक इंजेक्शने

बीजांडकोशात स्त्रीबीजे वाढवण्यासाठी, ती ठरलेल्या वेळी पक्व करण्यासाठी आणि पुढे गर्भाशयाचे अस्तर टिकवण्यासाठी दिली जाणारी हार्मोनची इंजेक्शने. आययूआय, म्हणजे तयार केलेले वीर्य नळीने गर्भाशयात सोडण्याचा उपचार, आणि आयव्हीएफ, म्हणजेच टेस्ट ट्यूब बेबी, या दोन्हींत ती वापरतात. काही ठरावीक विकारांत ती पुरुषांनाही देतात. दवाखान्यात ‘अंडं वाढायचं’, ‘अंडं फुटायचं’ आणि ‘गर्भ टिकायचं’ इंजेक्शन अशी नावे ऐकू येतात. औषधांची शास्त्रीय विभागणीही जवळपास अशीच आहे.

शरीरातील कार्य

मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरके रक्तात सोडते. पाळीच्या सुरुवातीला एफएसएचमुळे बीजांडकोशातील अनेक पुटके वाढू लागतात. प्रत्येक पुटकात एक बीज असते. काही दिवसांत एफएसएचची पातळी उतरते, एक पुटक पुढे जाते आणि बाकीची सुकून जातात. चक्राच्या मध्यावर एलएचची लाट येते व पक्व बीज बाहेर पडते.

बाहेरून एफएसएच दिल्यास ही पातळी उतरत नाही आणि त्या महिन्यात सुकून जाणारी पुटकेही वाढतात. पुढच्या महिन्यांसाठीचा साठा त्यात खर्ची पडत नाही. त्यामुळे ‘इंजेक्शनं घेतली की अंडी संपतात आणि पाळी लवकर जाते’ या समजुतीला आधार नाही.

इतिहास

सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड झोन्डेक यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये गरोदर स्त्रियांच्या लघवीत बीजांडकोशाला चेतवणारे द्रव्य असल्याचे दाखवले. हेच पुढे एचसीजी म्हणून ओळखले गेले. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये बीजांडकोश थंडावतो, पण पोष ग्रंथी अधिकच जोराने एफएसएच व एलएच सोडते आणि ती लघवीत उतरतात. इटलीतील सेरोनो कंपनीचे पिएरो दोनिनी यांनी १९४९ च्या सुमारास ती वेगळी केली. मोठ्या प्रमाणावर लघवी मिळवण्यासाठी कंपनीने मठांतील वृद्ध जोगिणींची मदत घेतली. या औषधाला एचएमजी म्हणतात. ब्रूनो लुनेनफेल्ड यांनी इस्रायलमध्ये केलेल्या उपचारांतून १९६२ मध्ये त्यापासूनचे पहिले मूल जन्मले. जनुकीय तंत्राने प्रयोगशाळेतील पेशींत तयार केलेले शुद्ध एफएसएच १९९० च्या दशकाच्या मध्यापासून बाजारात आले.

इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी जन्मलेले जगातील पहिले टेस्ट ट्यूब बाळ इंजेक्शनांविना, नैसर्गिक चक्रातील एकाच बीजापासून झाले. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून बाळ जन्मले. त्यांनी मात्र एचएमजी देऊन बीजे वाढवली होती आणि गर्भ गोठवून ठेवला होता. पुढे जगभर रूढ झालेली वाट हीच. हयातीत त्यांच्या वाट्याला अविश्वास आला आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

महाराष्ट्रात या विषयाचे केंद्र मुंबईतील परळ हे होते. केईएम रुग्णालयातील डॉ. इंदिरा हिंदुजा आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या परळच्या प्रजनन संशोधन संस्थेतील डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या सहकार्यातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्ये भारतातील शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेले पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. डॉ. मुखर्जी यांची कागदपत्रे तपासून ‘पहिलेपणाचा मान त्यांचा’ असे १९९७ मध्ये जाहीरपणे मांडणारे शास्त्रज्ञही आनंद कुमारच होत. ही इंजेक्शने राज्यातही बनतात. अंबरनाथ येथे कारखाना असलेली भारत सीरम्स अँड व्हॅक्सिन्स ही त्यांतील जुनी कंपनी असून २०२४ मध्ये ती मॅनकाइंड फार्माने विकत घेतली.

प्रकार

१. *बीज वाढवणारी* : एफएसएच आणि एचएमजी. मात्रा आंतरराष्ट्रीय एककांत मोजतात. आययूआयसाठी बहुधा ७५ एककांपासून, तर आयव्हीएफसाठी साधारण १५० ते ३०० एकके रोज देतात.

२. *बीज वेळेआधी फुटू न देणारी* : सेट्रोरेलिक्स, गॅनिरेलिक्स ही पाचव्या-सहाव्या इंजेक्शनापासून सुरू होतात. जुन्या ‘लाँग प्रोटोकॉल’मध्ये ल्यूप्रोलाइडसारखे औषध आधीच्या चक्राच्या एकविसाव्या दिवसाच्या सुमारास सुरू करतात.

३. *बीज पक्व करणारी* : एचसीजी, ५,००० ते १०,००० एकके. हे एलएचच्या लाटेची जागा घेते. याला ‘ट्रिगर’ म्हणतात.

४. *अस्तर टिकवणारी* : प्रोजेस्टेरॉन. तेलातले इंजेक्शन कमरेखाली स्नायूत देतात. ते घट्ट असल्याने जागा दुखते व गाठ धरते, म्हणून आता योनिमार्गातून घ्यायच्या गोळ्या किंवा जेलही वापरतात.

उपचारक्रम

पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी करून पुटके मोजतात. ही मोजणी, एएमएच ही रक्ततपासणी, वय आणि वजन पाहून मात्रा ठरते. इंजेक्शने साधारण ८ ते १२ दिवस, रोज एकाच सुमारास घ्यायची असतात. मधल्या काळात दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी होते. तिला ‘फॉलिकल स्टडी’ म्हणतात. आयव्हीएफमध्ये दोन-तीन पुटके १७ ते १८ मि.मी. झाली की ट्रिगर दिला जातो.

ट्रिगरनंतर ३४ ते ३६ तासांत बीजे काढावी लागतात. सकाळी ९ वाजता बीजे काढायची असतील, तर ट्रिगर दोन रात्री आधी १० च्या सुमारास पडला पाहिजे. तो तीन-चार तास उशिरा घेतला तर बीजे पुटकाच्या भिंतीपासून नीट सुटत नाहीत, आणि फार आधी घेतला तर ती पोटात निसटतात. एचसीजी अंगात दहा-बारा दिवस रेंगाळते. या काळात घरी लघवीची तपासणी केल्यास दिवस राहिले नसतानाही दोन रेषा उमटू शकतात.

साठवण आणि टोचणे

अनेक इंजेक्शने कुपीत कोरड्या भुकटीच्या रूपात येतात. सोबतचे पाणी सिरिंजने हळू सोडायचे, कुपी तळहातांत फिरवून भुकटी विरघळू द्यायची. जोराने हलवून फेस आणायचा नाही. बेंबीपासून दोन बोटे दूर, चिमटीत धरलेल्या कातडीखाली बारीक सुई टोचतात आणि रोज बाजू बदलतात. पेन आणि द्रव औषधे २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची असतात. काही भुकट्या २५ अंशांपर्यंत चालतात. उदाहरणार्थ, महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्याच्या सखल भागात, शेगाव-मलकापूरकडे, एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो, तेव्हा घरातले कपाट ही या औषधांची जागा नव्हे. बर्फाच्या कप्प्यात ठेवून गोठलेले औषधही वाया जाते. प्रवासात ते थर्मासमध्ये, पण बर्फाला थेट चिकटणार नाही असे नेतात.

धोके

पोट फुगणे, छाती जड होणे, मन चिडचिडे होणे हे नेहमीचे त्रास होत. आययूआयच्या चक्रात तीन-चार पुटके एकदम पक्व झाली तर जुळी-तिळी राहण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टर ते चक्र रद्द करतात. सर्वांत गंभीर त्रास म्हणजे बीजांडकोश अतिचेतना, दवाखान्याच्या भाषेत ओएचएसएस. यात बीजांडकोश सुजतात, रक्तातले पाणी पोटात उतरते, रक्त घट्ट होते आणि गुठळी होऊ शकते. पीसीओडी, म्हणजे बीजांडकोशात अनेक लहान पुटके साचण्याचा विकार, असलेल्या तरुण स्त्रियांत तो अधिक होतो. अशा स्त्रियांना एचसीजीऐवजी ल्यूप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिनचा ट्रिगर देऊन सर्व गर्भ गोठवून ठेवतात. त्यामुळे हा धोका बराच घटतो.

पुरुषांतील वापर

पोष ग्रंथीच मंद असल्याने शुक्राणू बनत नसतील, तर पुरुषाला एचसीजी आणि एफएसएच काही महिने देतात. टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन मात्र याच्या नेमके उलट काम करते. ते बाहेरून मिळाले की पोष ग्रंथी आपले काम थांबवते आणि शुक्राणू घटतात. व्यायामशाळेत अंग भरण्यासाठी ते घेणाऱ्या तरुणांत वंध्यत्वाचे हे एक कारण आढळते. दोष पुरुषातही असू शकतो, म्हणून वीर्याची साधी तपासणी पत्नीच्या पहिल्या इंजेक्शनाच्या आधी व्हावी लागते.

कायदा

सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा, २०२१ नुसार केंद्रांची नोंदणी सक्तीची आहे. पहिल्या स्तराच्या केंद्रांना आययूआयपर्यंतचे उपचार करता येतात. बीजे काढणे आणि गर्भ तयार करणे हे काम दुसऱ्या स्तराच्या केंद्रांचे. सेवा घेणाऱ्या स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते. बीजदात्री २३ ते ३५ वयाचीच हवी. ती आयुष्यात एकदाच बीजदान करू शकते आणि तिच्याकडून सातपेक्षा अधिक बीजे काढता येत नाहीत. दात्रीला जास्त मात्रेची इंजेक्शने वारंवार देण्यावर यामुळे बंधन आले.

लिंगनिवडीला या कायद्याने आणि गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानेही मनाई आहे. बुलढाण्यात ही तरतूद केवळ कागदावरची बाब नव्हे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे ८५५ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ९०८ होत्या. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे फॉलिकल स्टडीचे सोनोग्राफी यंत्रही नोंदणी आणि तपासणीच्या कक्षेत येते.

बुलढाणा जिल्ह्यातील उपचार

या उपचाराचे दोन भाग पडतात. सुई गावातही टोचता येते. सोनोग्राफी आणि मात्रेचा निर्णय मात्र तज्ज्ञाकडेच होतो. तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव रेल्वेमार्गावर आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा यांना एसटी किंवा खासगी गाडीचाच आधार. आयव्हीएफसाठी अकोला, जळगाव, छत्रपती संभाजीनगर ही मोठी शहरे गाठण्याचा प्रघात आहे. दर दोन-तीन दिवसांची फेरी, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी आणि घरच्यांना द्यायची कारणे यांपायी अनेक जोडपी मधली एखादी सोनोग्राफी टाळतात. मात्रा वाढवायची की थांबवायची हे त्या तपासणीवरच ठरत असल्याने, पैसे इंजेक्शनांवर खर्च होऊनही उपचार तेथेच फसतो. पाहणी जवळच्या सोनोग्राफी केंद्रात करून मापे तज्ज्ञाला कळवणे हा त्यावरचा व्यवहार्य मार्ग आहे; मात्र तो उपचार सुरू होण्यापूर्वीच ठरवावा लागतो.

सरकारी पातळीवर अशा सेवा अपवादानेच मिळतात. गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजने २०२३ मध्ये मोफत आयव्हीएफ सुरू केले. बीजे काढून स्त्री गावी परतल्यावर पोट झपाट्याने फुगले, लघवी कमी झाली, धाप लागली किंवा एक-दोन दिवसांत वजन किलो-दोन किलोंनी वाढले, तर ती ओएचएसएसची लक्षणे असू शकतात; अशा वेळी शहरातल्या केंद्राच्या तारखेची वाट न पाहता जवळचे मोठे रुग्णालय गाठावे आणि कोणती इंजेक्शने कधी घेतली त्याचा कागद तेथे दाखवावा.