गॅस डिटेक्टरवरचे आकडे कसे वाचायचे? पीपीएम, टीडब्ल्यूए, एसटीईएल सोप्या भाषेत

मोबाईलमध्ये कंपास आहे, जायरोस्कोप आहे, मग गॅस मोजणारं ॲपही असेलच, असं वाटतं ना? पण आपल्या नेहमीच्या फोनमध्ये विषारी गॅस ओळखणारा सेन्सरच नसतो. त्यामुळे अशा ॲपच्या भरवशावर टाकीत किंवा विहिरीत उतरू नका. जळगाव-धुळ्यात कोल्ड स्टोरेज, केळीचं रायपनिंग चेंबर किंवा एमआयडीसीत काम करत असाल, तर खऱ्या डिटेक्टरचे आकडे समजायलाच हवेत.

पीपीएम म्हणजे काय?
दहा लाख भागांत एक भाग. १० मीटर लांब, रुंद आणि उंच खोलीत १० लाख लिटर हवा मावते. त्यात १ लिटर गॅस मिसळला की झाला १ पीपीएम.

तीन मर्यादा
- टीडब्ल्यूए: ८ तासांच्या शिफ्टची सरासरी.
- एसटीईएल: कोणत्याही १५ मिनिटांची सरासरी.
- आयडीएलएच: इथे जीवाला तत्काळ धोका. लगेच बाहेर पडा.

१९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात कलम ४१ एफ आलं आणि पहिल्या दोन मर्यादांचा तक्ता कायद्यात आला. तिसरी मर्यादा अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची. क्रमाने आकडे (पीपीएम):

- अमोनिया: २५, ३५, ३००
- हायड्रोजन सल्फाइड: १०, १५, १००
- कार्बन मोनॉक्साइड: ५०, ४००, १,२००
- कार्बन डायऑक्साइड: ५,०००, ३०,०००, ४०,०००

उदाहरण
कोल्ड स्टोरेजमध्ये ४ तास ३० पीपीएम अमोनिया आणि ४ तास १० पीपीएम असेल, तर सरासरी २०. म्हणजे टीडब्ल्यूएच्या आत. पण त्यातच १५ मिनिटांची सरासरी ४० झाली, तर एसटीईएल मोडली. दिवसाची सरासरी चांगली आली म्हणून सगळं ठीक, असं नसतं.

केळीच्या चेंबरमध्ये काय होतं?
केळी पिकवायला १०० पीपीएमपर्यंत इथिलीन वापरायला परवानगी आहे. पण पिकताना केळी कार्बन डायऑक्साइड सोडतात, आणि त्याला वास नसतो. म्हणून आत जाण्याआधी दार उघडून, पंखे लावून हवा बदलू द्या.

दोन चुका टाळा
१. नेहमीचा चार-गॅस डिटेक्टर ऑक्सिजन, ज्वलनशील गॅस, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड मोजतो. अमोनिया किंवा कार्बन डायऑक्साइडची मर्यादा तपासायला वेगळा सेन्सर लागतो.
२. नाकावर भरवसा नको. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण १०० पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला, असं नाही.

सेप्टिक टँकमध्ये कुणी कोसळला, तर त्याच्या मागोमाग उडी मारू नका. वाचवायला गेलेलेही असेच जीव गमावतात. फोन इथे खरा उपयोगी पडतो: ११२ लावा.