किंकेरीतपासून बहुसाक्षरतेपर्यंत

फिनलंड स्वीडनच्या राज्याचा भाग असताना १६८६ च्या चर्चविषयक कायद्याने प्रजेला वाचायला शिकवण्याची जबाबदारी धर्मव्यवस्थेकडे दिली. पाद्री गावातील एखाद्या घरी आसपासच्या कुटुंबांना जमवून त्यांचे वाचन आणि ल्यूथरच्या धर्मप्रश्नोत्तरीचे ज्ञान तपासत, आणि या परीक्षेला फिनी भाषेत ‘किंकेरीत’ असे म्हणत. ज्याला प्रश्नोत्तरी येत नसे, त्याचा विवाहही अडू शकत असे. वाचनाला एवढे सामाजिक वजन देणारी ही प्रथा असामान्यच म्हटली पाहिजे, परंतु तिने शिकवले ते मान्य मजकूर म्हणून दाखवणे. मजकुराला प्रश्न विचारणे तिच्या कक्षेत नव्हते.

पुढे १८६६ च्या आदेशाने लोकशाळांचा पाया घातला गेला आणि १९२१ मध्ये शिक्षण सक्तीचे झाले. खरा बदल २०१४ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाने घडवला: शब्द, चित्र, आकडे, ध्वनी अशा सर्व रूपांतील मजकूर समजून घेण्याची, तो तयार करण्याची आणि पारखण्याची क्षमता, म्हणजे ‘बहुसाक्षरता’, त्याने सात व्यापक क्षमतांमध्ये समाविष्ट केली. त्यामुळे आकडेवारी कशी फसवते हे गणितात, छायाचित्रात फेरफार कसा होतो हे कलेत, तर प्रचारतंत्र इतिहासात अभ्यासता येते. हा निर्णय दूरदृष्टीचा होता, कारण पारख ही प्रत्येक विषयात वेगळी असते. ऑगस्ट २०१६ पासून हा अभ्यासक्रम शाळांत लागू झाला, आणि बहुसाक्षरतेची जबाबदारी सर्वच विषयांच्या शिक्षकांवर आली.