संभाषणाचे मोल आणि माध्यमाची निवड

स्थिर दूरध्वनी, भ्रमणध्वनी आणि इंटरनेटवरील संभाषण ही तीन साधने भारतात एकामागून एक आली. त्यामुळे नवे साधन अधिक सोयीचे, म्हणून जुने मागे पडले, असा सरळ कार्यकारणभाव लावण्याकडे सामान्यतः कल असतो. दरांचा इतिहास तपासला असता हा समज अपुरा ठरतो. संभाषणाचा खर्च कोणी व कसा सोसावयाचा, या नियमात जेव्हा जेव्हा पालट झाला, तेव्हा तेव्हा लोकांची निवडही पालटली, असे आढळून येते.

मुंबईत दूरध्वनी केंद्र १८८२ साली सुरू झाले. त्यानंतर शतकभर निवडीचा प्रश्नच बहुतेकांपुढे नव्हता. जोडणी मिळणे हाच प्रश्न होता. स्वातंत्र्योत्तर काळात प्रतीक्षायादी वर्षानुवर्षे लांबत गेली. परगावी बोलण्यासाठी ट्रंक कॉल नोंदवून तिष्ठत बसावे लागे. लखनौ व कानपूर यांच्यामध्ये थेट क्रमांक फिरविण्याची सोय १९६० मध्ये झाली. परंतु सामान्य माणसापर्यंत ती पोहोचली ती नवव्या दशकाच्या उत्तरार्धापासून पसरलेल्या एसटीडी-पीसीओमुळे. रात्री उशिरा दर बराच उतरत असल्याने त्या वेळी तेथे गर्दी होई. माध्यम एकच होते. निवड करावयाची ती वेळेची.

१९९५ मध्ये भ्रमणध्वनी आला, तेव्हा बोलणाऱ्याप्रमाणेच ऐकणाऱ्यालाही आकार द्यावा लागे. गर्दीच्या वेळी मिनिटाचा कमाल दर १६ रुपयांहून अधिक होता. साहजिकच अनेक जण आलेला कॉल न उचलता क्रमांक पाहून घेत व स्थिर दूरध्वनीवरून उलट फोन करीत. न उचललेल्या कॉलला आकार नसल्यामुळे ‘मिस्ड कॉल’ ही एक संकेतभाषाच होऊन बसली. मे २००३ मध्ये येणारे कॉल विनाशुल्क झाले, आणि ऑक्टोबर २००४ मध्ये देशातील भ्रमणध्वनींची संख्या स्थिर दूरध्वनींहून अधिक झाली. कंपन्यांतील स्पर्धा व उतरलेले दर हीही याची कारणे होत. परंतु केवळ फोन घेण्यासाठी खर्च नाही, या एका गोष्टीने तुटपुंज्या मिळकतीच्या कारागिराला व घरकामगार स्त्रीला स्वतःचा क्रमांक बाळगणे परवडू लागले.

इंटरनेटवरून बोलण्यास १ एप्रिल २००२ पासून मुभा मिळाली, तेव्हा तिचा उपयोग मुख्यतः परदेशस्थ आप्तांशी बोलण्यासाठी होई. कारण परदेशी कॉलचे दर सर्वांत जड होते. २०१५ मध्ये व्हॉट्सॲपवर आवाजी कॉलची सोय झाली, तर सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओने देशांतर्गत संभाषणाचा वेगळा आकारच काढून टाकला. दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यात कॉल पोहोचविण्याचे शुल्क जानेवारी २०२१ पासून शून्य झाले. मिनिटाचे मोल अशा रीतीने नाहीसे झाले. उरला तो अन्य गुणांचा विचार: परदेशी वा चित्रासह बोलण्यासाठी इंटरनेट, अनोळखी व्यक्तीशी किंवा कार्यालयाशी बोलण्यासाठी साधा कॉल, कारण त्यास दोन्ही बाजूंना एकच ॲप लागत नाही. तांब्याच्या तारेवरील स्थिर दूरध्वनीला केंद्रातूनच वीज मिळते व घरची वीज गेली तरी तो चालतो. घरोघरी फायबर आल्यावर हा गुणही लोपला.

मात्र मोल नाहीसे झाले, की केवळ स्थलांतरित झाले, हे पाहणे अगत्याचे आहे. २०१८ च्या अखेरीपासून क्रमांक चालू ठेवण्यासाठी ठराविक मुदतीने किमान भरणा करण्याची अट रूढ झाली. २००३ मध्ये ज्याला फोन घेणे विनामूल्य झाले होते, त्याला आता केवळ फोन येण्यासाठीही नियमितपणे पैसे भरणे भाग पडते. पुष्कळ बोलणाऱ्यास ही पद्धत लाभाची; क्वचित बोलणाऱ्या वृद्धास वा मजुरास तीच महाग. शिवाय बँकेचा सांकेतिक क्रमांक भ्रमणध्वनीवरच येत असल्याने तो सोडून देण्याचा पर्यायही त्यांच्यापाशी राहिलेला नाही. सारांश, माध्यमाची निवड ही ग्राहकाच्या आवडीइतकीच दरपत्रकाच्या रचनेची निर्मिती आहे. आणि त्या रचनेचा भार कोणावर पडतो, हे ध्यानी घेतल्यावाचून दूरसंचाराचा सामाजिक इतिहास पूर्ण होऊ शकत नाही.