छिछोरे (हिंदी चित्रपट, २०१९)

नितेश तिवारी दिग्दर्शित ‘छिछोरे’ हा विनोदी चित्रपट ६ सप्टेंबर २०१९ रोजी प्रदर्शित झाला. जुन्या मित्रांचे स्नेहमीलन पडद्यावर सहसा मेजवानीत रंगते. येथे ते रुग्णालयात घडते. अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेतील अपयशाने खचलेला राघव जीव देण्याचा प्रयत्न करतो. त्याला जगण्याची उमेद यावी म्हणून वडील अनिरुद्ध (सुशांतसिंह राजपूत) वसतिगृहातील मध्यमवयीन सवंगड्यांना बोलावून घेतात आणि सारे मिळून आपल्या टवाळखोर दिवसांची कहाणी त्याला ऐकवतात.

मुंबईतील महाविद्यालयाच्या क्रीडास्पर्धेत कायम तळाशी राहणारे हे वसतिगृह. जिंकेपर्यंत प्रत्येकाने आपली प्रिय सवय सोडायची, असा पण होतो. कोणी सिगारेट सोडतो, कोणी दारू, तर कोणी शिवीगाळ. चित्रपटातील सर्वाधिक हशा याच प्रसंगांना मिळतो. अखेरीस विजेतेपद मात्र हुकते, आणि राघवला नेमके तेच सांगायचे असते.

तिवारी स्वतः पवईच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी. मार्च २०२१ मध्ये जाहीर झालेल्या ६७व्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘छिछोरे’ सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट ठरला. राजपूत यांचे निधन त्यापूर्वीच, जून २०२० मध्ये झाले होते.