वाट पाहण्याचा इतिहास

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत काहीतरी लिहा, असा अध्यक्षबाईंचा आग्रह झाला, तेव्हा मी प्रथम नकोच म्हटले. मी सातवी शिकलेली बाई. हिशेबाची वही आणि दुकानाची यादी यांपलीकडे लेखणी कधी हातात धरलेली नाही. पण गेल्या आषाढात आपल्या मंडळातील दोघींनी जे दिवस काढले, ते लिहून ठेवावेत असे मनात होते. त्या दोघींपैकी एक मी. दुसरीचे नाव लिहीत नाही, मात्र तिला विचारूनच लिहीत आहे.

मंडळाच्या तपासणी शिबिरात आम्हा दोघींच्याही छातीत गाठ हाताला लागली. पुढील तपासणीस कोल्हापूरला जा, असे सांगण्यात आले. तेथे क्ष-किरणांचा फोटो काढला, ज्याला मॅमोग्राफी म्हणतात. मग सुईने गाठीचा तुकडा काढला. खिडकीवरच्या माणसाने "आठ दिवसांनी या" एवढेच सांगितले. आठव्या दिवशी गेलो, तर "तयार नाही, पुन्हा या" असे उत्तर मिळाले. का तयार नाही, ते कोणी सांगितले नाही. बाहेर पावसाची झड आणि आत जीव टांगणीला, अशा स्थितीत मलकापूरच्या एस.टी.त बसून आम्ही परत आलो. उशीर झाला म्हणजे वाईटच निघाले असणार, असे आम्ही दोघींनी न बोलता ठरवून टाकले.

माझी लेक कोल्हापुरास कॉलेजात आहे. शनिवारी ती घरी आली. माझी झोप उडालेली पाहून ती म्हणाली, "आई, नुसती बसू नकोस. बायका आधी काय करीत, ते तुला वाचून दाखवते." तिने पुस्तकांतून आणि मोबाइलवरून जे वाचून दाखवले, तेच येथे माझ्या शब्दांत मांडते.

आरंभ मात्र माझ्या आईपासून करते. तिच्या छातीत गाठ होती, हे तिने पदराखाली झाकून ठेवले. कोणी सांगितला तो लेप लावला. घरात लावणी होती, मग सुगी आली, मग भावाचे लग्न. डॉक्टरला दाखवले तेव्हा फार उशीर झाला होता. ती १९९२ साली गेली. मी तेव्हा सातवीत होते. घरात भाकरी थापायला दुसरे कोणी नव्हते, म्हणून माझी शाळा तेथेच संपली. आईने कधी रिपोर्टची वाट पाहिली नाही, कारण तिने कोणाला विचारलेच नव्हते.

दोनशे वर्षांपूर्वी तर मोठमोठ्या घरच्या बायकांनाही विचारण्याची सोय नव्हती. फॅनी बर्नी नावाची एक प्रसिद्ध इंग्रज लेखिका पॅरिसमध्ये राहत होती. १८११ साली तिची छाती कापून काढण्याचे ठरले. नेपोलियनच्या सैन्याचा सर्जन लारे याने ती शस्त्रक्रिया केली. दिवस कोणता, हे तिला आधी कळवलेच नव्हते. ३० सप्टेंबरला सकाळी चिठ्ठी आली, की आज. भूल देण्याचे औषध तेव्हा निघालेले नव्हते. ती शुद्धीवर असतानाच सारे झाले. पुढे तिने आपल्या बहिणीला सविस्तर पत्र लिहिले, म्हणून आज आपणांस हे कळते. ते पत्र लिहिताना तिला इतका त्रास झाला, की पुरे करण्यास कित्येक महिने लागले. ती मात्र १८४० पर्यंत जगली.

१८४६ साली अमेरिकेत बोस्टन येथे ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया करून दाखवण्यात आली. १८९५ साली जर्मनीत राँटजेन यांना क्ष-किरण सापडले. त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचा फोटो काढला, त्यात हाडे आणि बोटातील अंगठी उमटली. १९१३ साली बर्लिनच्या सालोमन या सर्जनाने शस्त्रक्रियेने काढलेल्या सुमारे तीन हजार स्तनांचे क्ष-किरण फोटो तपासून रोगाच्या खुणा फोटोत कशा दिसतात, ते मांडले. पुढे १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये ४० ते ६४ वयाच्या सुमारे बासष्ट हजार बायकांचे दोन गट करून मोठा प्रयोग सुरू झाला. त्यांतील एका गटाला मॅमोग्राफीसाठी बोलावण्यात येई. काही त्रास नसतानाही बाईने तपासून घ्यावे, ही रीत अशा प्रयोगांतून पुढे आली.

आता जे सांगते, ते ऐकून मी उठून बसले. तपासण्याचे ज्ञान आले, तरी निकाल ऐकून पुढचे ठरवण्याची सवड बाईला पुष्कळ वर्षे मिळाली नव्हती. गाठ आहे म्हटले, की तिला भूल देत. ती झोपेत असतानाच तुकडा गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत, आणि कर्करोग निघाला तर त्याच बैठकीत छाती काढून टाकीत. भुलीत जाताना बाईला ठाऊक नसे, की आपण जाग्या होऊ तेव्हा आपले अंग पूर्वीसारखे असेल की नाही. सप्टेंबर १९७४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांची शस्त्रक्रियाही अशीच एका बैठकीत झाली. त्यांनी ती गोष्ट लपवून न ठेवता लोकांना सांगितली, आणि कितीतरी बायका तपासणीस गेल्या.

त्याच वर्षी रोझ कुशनर या अमेरिकन पत्रकार बाईला आपल्या छातीत गाठ लागली. तिने सर्जनांना सांगितले, की आधी फक्त तुकडा काढा, निकाल मला सांगा, मग मी ठरवीन. अनेक सर्जनांनी नकार दिला. ती खचली नाही. एक सर्जन कबूल होईपर्यंत तिने विचारणे सोडले नाही. पुढे तिने पुस्तक लिहिले, सभांतून भांडली. १९७९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञांच्या सभेत तीही सभासद होती, आणि त्या सभेने तपासणी एकदा व शस्त्रक्रिया नंतर, अशा दोन पायऱ्या ठेवण्याची शिफारस केली.

भगिनींनो, आम्ही ज्या दिवसांना शिव्या देत होतो, ते दिवस असे एका बाईने भांडून मागून घेतलेले आहेत. निकाल आपल्या कानांनी ऐकावा, घरच्यांशी बोलावे, प्रश्न विचारावेत आणि मग हो म्हणावे, यासाठीची ती सवड आहे. माझ्या आईला ती मिळाली नाही.

आपल्या मुलखातही या कामी पुष्कळांनी कष्ट केले. विसाव्या शतकाच्या आरंभी डॉ. कृष्णाबाई केळवकर कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात रुग्ण तपासू लागल्या. त्यांच्या पाठीशी राजर्षी शाहू महाराज होते. तेच इस्पितळ आज आपण सी.पी.आर. म्हणून ओळखतो. बाईने आपले दुखणे बाईला दाखवावे, या सोयीला आपल्या जिल्ह्यात त्यांचाही हात लागला. मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहरबाई रक्ताच्या कर्करोगाने वारल्या होत्या, त्या दुःखातून टाटांच्या विश्वस्तांनी हे काम उभारले. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी गाठींचे तुकडे तपासण्याच्या शास्त्राचा आपल्या देशात पाया घातला.

१९९८ साली याच टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत मोठा प्रयोग सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक बायका त्यात होत्या. त्यांतील निम्म्याजणींची छाती प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी हाताने तपासत. यंत्र नाही, फक्त शिकवलेला हात. २०२१ साली निष्कर्ष छापून आले. तपासलेल्या बायकांचा रोग लवकरच्या अवस्थेत सापडत होता, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील बायकांत मात्र मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्या शिबिरात त्या सिस्टरबाईंनी हाताने जी तपासणी केली, ती याच जातीची.

आता उशीर का होतो, तेही ऐका. काढलेला तुकडा प्रथम फॉर्मलिनमध्ये ठेवतात. मग त्यातील पाणी काढून तो मेणात बसवतात. त्या मेणाच्या वडीचे केसाहूनही कितीतरी पातळ काप काढतात, ते काचेवर घेऊन रंगवतात, आणि मग डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. शंका वाटली तर आणखी काप, आणखी रंग. त्यात आणखी काही दिवस जातात. म्हणजे उशीर हा वाईट बातमीचा निरोप नव्हे. या थोड्या दिवसांत आजार हाताबाहेर जात नाही, असेही डॉक्टर सांगतात. आणि तपासणीनंतर ज्यांना पुन्हा बोलावतात, त्यांपैकी बहुतेकींना कर्करोग नसतोच. खिडकीवर एवढे दोन शब्द कोणी सांगितले असते, तर आमच्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या.

हे समजल्यावर काळजी गेली असे नाही, पण तिला बांध पडला. मी थोरल्या जाऊबाईंना सारे सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पहाटे चहा घेऊन माझ्याजवळ येऊन बसू लागल्या. दोघीजणींनी ठरवले, की रात्री मोबाइलवर रोगाचे काही पाहायचे नाही. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न माझ्या हिशेबाच्या वहीत लिहिले. इस्पितळात फोन करून निकाल कोण सांगणार आणि नक्की कधी, ते विचारून घेतले. बाकी वेळ रोपलावणीत गेला. चिखलात उभे राहून हात चालू असले, म्हणजे मनाला फार लांब पळता येत नाही.

बाराव्या दिवशी दोघींचे निकाल आले. माझी गाठ साधी निघाली. तिची साधी नव्हती.

त्या दिवशी परतीच्या एस.टी.त मला माझ्या आनंदाची लाज वाटत होती. बांबवडे गेल्यावर तीच म्हणाली, "वहीतले प्रश्न मला दे. आता मला लागतील." तिची गाठ लहान असतानाच सापडली होती. पुढे शस्त्रक्रिया झाली, औषधोपचार झाले, अजून तपासणीच्या फेऱ्या चालू आहेत. प्रत्येक फेरीनंतर पुन्हा वाट पाहणे आलेच. परंतु आता ती एकटी वाट पाहत नाही. तिच्या फेरीच्या दिवशी आपल्यातील कोणी ना कोणी तिच्यासोबत एस.टी.त असते.

म्हणून माझी विनंती एवढीच. येत्या शिबिरास या, सासूबाईंना आणा, जावेला आणा. निकालाची वाट पाहावी लागली, तर शेजारणीला सांगा. झाकून ठेवू नका. माझ्या आईने झाकले. तिच्या लेकीने मात्र हे छापून आपल्या हाती दिले आहे.