दिवसांच्या वजाबाकीची कुळकथा

सातारा-सांगलीकडच्या ऊसकरी घरात दोन तारखा पक्क्या ध्यानात असतात : लागणीची आणि ऊस काट्यावर गेला ती. पहिलीवरून तोड ठरते. साखर कारखान्याच्या चिटबॉयने लागण नोंदवली की आडसालीला १६ ते १८ महिने, सुरूला वर्षभर, अशा वयाप्रमाणे तोडणीची यादी लागते. दुसरीवरून पैसे ठरतात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे. त्यापुढे जितका उशीर होईल, तितक्या दिवसांचे वार्षिक १५ टक्के दराने व्याज. उसाचे वय असो की बिलाचे व्याज, आधी दोन तारखांमधले दिवस काढावे लागतात.

हे काम दिसते तितके सरळ नाही. महिने कधी तिसाचे, कधी एकतिसाचे. फेब्रुवारीचे गणित आणखी वेगळे. पंचांगात तर तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते, मध्येच अधिक मास येतो. यावर आपल्या ज्योतिर्गणितींनी फार पूर्वी तोडगा काढला : एक आरंभदिवस धरायचा आणि तिथून पुढचे दिवस सलग मोजत जायचे. ही मोजणी म्हणजे अहर्गण. कलियुगारंभापासून मोजले तर आकडा सोळा लाखांच्या पुढे जातो. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ.स. १५२० च्या सुमारास, ‘ग्रहलाघव’ रचताना अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे चक्र घेतले आणि हा आकडा आटोक्यात आणला. तिथींवरून दिवस काढताना सुमारे ६४ तिथींमागे एक दिवस वजा होतो. उत्तर बरोबर आले की नाही, हे शेवटी वारावरून ताडून पाहत.

दिवसांची हीच मोजणी पेढीवर पैशाच्या हिशेबाला लागली ती कटमितीत. खात्यातली प्रत्येक रक्कम जितके दिवस वापरात राहिली, तितक्या दिवसांनी तिला गुणायचे. नावे आणि जमा यांच्या गुणाकारांची वजाबाकी करून उरलेल्यावर एकदाच व्याज काढायचे. मधेच पैसे भरणाऱ्याला त्या दिवसापासून सूट मिळे, म्हणून ही रीत न्याय्य होती.

संगणकावरच्या डेटाबेसनेही हाच मार्ग धरला. १९८४ च्या डीबेस थ्रीमध्ये तारखेसाठी स्वतंत्र प्रकार आला. एका तारखेतून दुसरी वजा केली की थेट दिवस हाती येऊ लागले. १९९२ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये तारीख म्हणजे ३० डिसेंबर १८९९ पासूनचा दिवसांचा आकडा. १५ ऑगस्ट १९४७ म्हणजे १७३९४. १ मे १९६० म्हणजे २२०३७. स्वातंत्र्यापासून महाराष्ट्र राज्य स्थापन होईपर्यंत ४६४३ दिवस गेले, हे एका वजाबाकीत कळते. वेळ याच आकड्याच्या अपूर्णांकात बसते. दुपारचे बारा म्हणजे अर्धा.

अ‍ॅक्सेसमध्ये दिवस काढणारे सूत्र आहे डेटडिफ. ते वापरताना एक खबरदारी हवी. महिन्यांत उत्तर मागितले, तर ते पुरे झालेले महिने मोजत नाही, महिना किती वेळा बदलला ते मोजते. ३१ जुलैची लागण १ ऑगस्टला एक महिन्याची दिसते! म्हणून उसाचे वय आणि व्याजाची मुदत दिवसांतच काढावी.

आता बिलाचा हिशेब पाहू. समजा, ९०,००० रुपयांचा ऊस १० जानेवारीला काट्यावर गेला. चौदा दिवसांची मुदत २४ जानेवारीला संपली आणि पैसे ५ मार्चला जमा झाले. लीप वर्ष नसेल तर उशीर ४० दिवसांचा. नव्वद हजारांचे १५ टक्के १३,५००. त्याला ४० ने गुणून ३६५ ने भागले की १,४७९ रुपये येतात. एका घराला ही रक्कम लहान वाटेल, पण हंगामभर गावोगावचा ऊस येतो आणि प्रत्येक बिलाला हेच गणित लागू होते.

म्हणून बिलावर चार गोष्टी एका ओळीत छापल्या जाव्यात : ऊस पोचल्याची तारीख, पैसे जमा झाल्याची तारीख, मुदतीनंतरचे दिवस आणि व्याज. संगणकाला एवढ्यासाठी एक सूत्र पुरते. शेतकऱ्याला मात्र आपल्या हक्काचा पैसा किती, हे कुणाला न विचारता स्वतः पडताळून घेता येईल.