धाराशिव जिल्ह्यांतील जमिनीचें जुनें दप्तर

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत धर्मग्रामाची स्थापना, धर्मगुरूंची नामावळी व मंदिराच्या बांधकामाची हकीकत हीं यावयाचींच, आणि तें योग्यहि आहे. परंतु ज्या भुईवर हा धर्मग्राम उभा आहे व जी कसून आमचीं कुटुंबें पोट भरतात, त्या भुईचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. ह्या इतिहासाचीं साधनें पोथ्यांत नसून सरकारी दप्तरांत आहेत. तीं शोधावयाचीं कशीं हें ठाऊक नसल्यामुळें कित्येक घरें हातचें शेत गमावून बसलीं. वडिलांनीं कसलें, आजोबांनीं कसलें, एवढें सर्वांस सांगतां येतें. पण जमीन कोणाच्या नांवें, कोणत्या हक्कानें व कोणत्या सालापासून, असें विचारलें म्हणजे बोलणें खुंटतें. सबब ह्या मंगल प्रसंगीं ह्याच विषयाचें थोडें विवेचन करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पवित्र शास्त्रांत जमिनीसंबंधीं लिहिलेल्या कागदांच्या दोन कथा आहेत. त्या शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या. यरुशलेमास वेढा पडला असतां यिर्मया संदेष्ट्यानें आपल्या चुलतभावाचें अनाथोथ येथील शेत १७ शेकेल रुपें तोलून देऊन विकत घेतलें, खतावर साक्षी घातल्या, आणि मोहोरबंद व उघडें अशीं दोन्ही खतें पुष्कळ दिवस टिकावीं म्हणून बारूखाकडून मातीच्या भांड्यांत ठेवविलीं. हा आशेचा कागद. उलट इजबेल राणीनें अहाब राजाच्या नांवानें पत्रें लिहिलीं, त्यांवर राजाचीच मोहोर केली, आणि खोटे साक्षीदार उभे करवून नाबोथाचा जीव घेतला व त्याचा द्राक्षमळा राजाच्या पदरांत टाकला. हा अन्यायाचा कागद. मोहोर दोहोंवरहि होती. तात्पर्य, कागद कोण वाचतो व कोणासाठीं वाचतो, ह्यावर सर्व अवलंबून आहे.

आमच्या जिल्ह्याच्या जमिनीवर कागदांचे अनेक थर बसले आहेत. १६०० सालीं अहमदनगर मोंगलांच्या हातीं गेल्यावर मलिक अंबरानें निजामशाहीची गादी कांहीं काळ परांड्यास ठेविली. जमिनीची प्रत पाहून धारा ठरविण्याची त्याची पद्धति दक्षिणेंत दीर्घकाळ नांवाजली गेली. पुढें हा मुलूख हैदराबादच्या निजामाकडे आला. १८५३ च्या तहानें वऱ्हाड व रायचूर दुआब ह्यांबरोबर धाराशिवचा मुलूखहि इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला, व १८६० सालीं धाराशिव आणि रायचूर दुआब निजामास परत मिळाले. मधल्या काळांत मेडोज टेलर हा अधिकारी नळदुर्गास राहून कारभार पाहत असे. त्यानें येथें जमिनीच्या मोजणीचें काम हातीं घेतलें होतें. दिवाण सर सालारजंग ह्यांनीं वसुलीचा मक्ता देण्याची जुनी रीत मोडली व १८६५ सालीं जिल्हेबंदी केली. त्यानंतर मराठवाड्यांत मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली. शेताचा जो सर्व्हे नंबर आपण सांगतों, त्याचें मूळ ह्या मोजणींत आहे. आणि नंबर, क्षेत्र, आकार व नांव ज्या पुस्तकांत लिहिलें, तें सेतवार.

तथापि सर्व गांवें एका मालकाचीं नव्हतीं. कांहीं दिवाणीचीं, म्हणजे थेट सरकारचीं. कांहीं सर्फेखासचीं, म्हणजे निजामाच्या खाजगी उत्पन्नाचीं. तर कांहीं पायगा सरदारांचीं व जहागिरदारांचीं. उमरगा भागांतील गुंजोटी हें पायगेचें ठिकाण होतें. शिवाय निर्वाहासाठीं दिलेलीं मदतमाश इनामें, व देवस्थान, मशीद इत्यादिकांच्या सेवेसाठीं दिलेलीं खिदमतमाश इनामें निराळींच. गांव कोणत्या वर्गांतलें होतें हें आधीं कळल्याशिवाय जुना कागद कोठें मिळेल हें सांगतां येत नाहीं.

भाषा व कालगणना ही दुसरी अडचण. गांवचा पटवारी मोडींत लिही. दरबारचें लिखाण प्रथम फारसींत व १८८० नंतरच्या दशकांत उर्दूंत होऊं लागलें. साल फसली असे. हैदराबादचें फसली वर्ष ऑक्टोबरांत सुरू होई, व त्यांत ५९० मिळविले म्हणजे तें ज्या इसवी सनांत सुरू झालें तो सन निघतो. यास्तव फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. आजूर, दै, बहमन हीं महिन्यांचीं नांवें पाहून कित्येक जण कागद परमुलखाचा समजून टाकून देतात. तसें करूं नये. २०२३ सालीं कुणबी नोंदींच्या शोधासाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे ह्यांची समिति नेमली गेली, तेव्हां मराठवाड्यांतील जुनीं दप्तरें उघडलीं, आणि मोडी व उर्दू वाचणारांची किंमत सर्वांस कळून आली.

सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झाल्यावर नवा थर सुरू झाला. १९४९ सालीं सर्फेखास सरकारजमा झालें व जहागिरी गेल्या. १९५० सालीं कूळकायदा आला. १९५४-५५ चें खासरा पत्रक तयार झालें. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. १९६६ च्या जमीन महसूल संहितेनें आजचे गांवनमुने कायम केले. १९८२ सालीं लातूर जिल्हा वेगळा निघाला. म्हणून औसा, निलंगा इकडील जुना कागद धाराशिवकडेहि विचारावा लागतो. शहराचें व जिल्ह्याचें उस्मानाबाद हें नांव २०२३ सालीं बदलून पुन्हां धाराशिव झालें. जुन्या कागदांवर मात्र उस्मानाबादच, किंवा त्याहून जुनें नळदुर्ग, असावयाचें.

आतां शोधाचा क्रम. शोध नेहमीं आजपासून मागें करावा. प्रथम सातबारा व आठ-अ चा उतारा घ्यावा. हल्लीं तो महाभूलेख ह्या सरकारी संकेतस्थळावरहि दिसतो. परंतु तेवढ्यावर थांबूं नये. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर ज्या नांवास कंस केला तें कमी झालेलें नांव, आणि वर्तुळांत लिहिलेला आंकडा हा फेरफाराचा. त्या प्रत्येक फेरफाराची नक्कल तहसिलींतून मागून घ्यावी. खरेदी, वारस, वांटणी, कूळ ह्यांपैकीं कोणत्या कारणानें नांव बदललें हें तींत लिहिलेलें असतें. आज गट नंबर असेल तर एकत्रीकरणाच्या तक्त्यावरून जुना सर्व्हे नंबर काढावा, आणि त्याच्या आधारें खासरा पत्रक पाहावें. त्याहि मागें जावयाचें तर भूमि अभिलेख कार्यालयांत सेतवार व मोजणीचें टिपण मागावें. खरेदीखताची नोंद दुय्यम निबंधकाकडे निराळी पाहावी. कारण सातबारा हा मूळचा वसुलीचा कागद आहे, मालकीचें खत नव्हे. त्यावरील नोंद उलट पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, इतकेंच. ऑगस्टस कैसराची नांवनिशीहि कोणाचा हक्क राखण्यासाठीं झाली नव्हती. तथापि योसेफ व मरिया बेथलेहेमास आलीं त्याचें निमित्त तीच झाली.

येथपर्यंत ज्यांचें नांव दप्तरांत आहे त्यांची गोष्ट झाली; ज्यांचें नांव पुसट आहे वा नाहींच, त्यांची गोष्ट आम्हांस अधिक जवळची. गांवकीची चाकरी करून महार व मांग बांधवांनीं वतनाचे जे तुकडे कसले, ते चाकरीच्या दोरीनें बांधलेले होते. ह्याच जिल्ह्यांत कसबे तडवळे येथें फेब्रुवारी १९४१ मध्यें महार-मांग वतनदार परिषद भरली, व डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर स्वतः तीस आले. आमच्या समाजांतील पुष्कळ घरांचें मूळ त्याच वस्त्यांत आहे. चाकरी गेली, पण अशा पुष्कळ जमिनींवर भोगवटादार वर्ग २ हा शेरा राहिला, आणि जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवांचून त्या विकतां येत नाहींत. हें न जाणून कोणी कोऱ्या कागदावर अंगठा दिला, कोणी शंभर रुपयांच्या स्टँपावर शेत लिहून दिलें. गायरान कसणारांनीं तर गांवनमुना १-ई मधील अतिक्रमणाची नोंद व दंडाची पावती जिवापाड जपावी. कारण १४ एप्रिल १९९० पूर्वींचा कबजा सिद्ध करावयास बहुधा तोच पुरावा.

घरांतल्या घरांत होणारा अन्यायहि सांगितला पाहिजे. वारसाची नोंद करतांना मुलींचीं नांवें गाळण्याची रीत आमच्या लोकांतहि शिरली आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणें ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करतां वारला तर विधवेस एकतृतीयांश, व उरलेलें मुलगे आणि मुली ह्यांस सारखें. बहिणीचें नांव गाळून फेरफार करविणारा भाऊ इजबेलीच्याच मोहोरेनें काम करतो, हें आम्ही स्पष्ट सांगतों. तसेंच ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूर व आसपासच्या ज्या गांवांस नवीं घरें मिळालीं, तेथील लोकांनीं घर ज्याच्या नांवें मिळालें त्याच्यामागें वारसांचीं नांवें लागलीं कीं नाहीं हें पाहून घ्यावें.

ज्युबिलीच्या ह्या वर्षांत प्रत्येक कुटुंबानें आपला कागद शोधावा, त्याची नक्कल करून घरीं कोरड्या जागीं ठेवावी, आणि ज्या शेजाऱ्यास वाचतां येत नाहीं त्याचा उतारा त्यास वाचून दाखवावा. घरांत मोडी वा उर्दू जाणणारें वृद्ध माणूस असेल तर तें आहे तोंवर जुनीं पत्रें त्याजकडून वाचवून घ्यावीं. शोधांत दुसऱ्याचा हक्क निघाला तर तोहि त्याच सचोटीनें मान्य करावा.